पेढीवरील संगणकाचा जीर्णोद्धार : बसविलेले प्रोग्रॅम न गमावता विंडोजची दुरुस्ती

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीवर उभी असते, हे आपल्या समाजास निराळे सांगावयास नको. आपल्या वाडवडिलांनी दिवाळीस वहीपूजन केले ते केवळ रूढी म्हणून नव्हे; जी वही खरी आणि शाबूत, ती पेढी खरी आणि शाबूत, ही त्यामागील श्रद्धा होती. आज ती वही लाल बासनातून निघून संगणकाच्या पेटीत जाऊन बसली आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल धाडताना ई-वे बिल आले, आणि १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद पिशवीतील धान्यासही कर लागू झाला. त्यामुळे आमच्यासारख्या भुसारवाल्यांसही, ज्यांचे काम पूर्वी कीर्द-खतावणीवर भागत असे, संगणकावाचून एक दिवस काढणे कठीण झाले आहे.

असे असता एके सकाळी संगणक अडखळू लागतो. निळा पडदा येतो, किंवा यंत्र सुरू होण्यास अर्धा तास घेते, किंवा छापयंत्र दिसेनासे होते. कारागीर येतो, दोन कळा दाबतो आणि म्हणतो, "शेठजी, फॉरमॅट मारावा लागेल." पुष्कळ पेढ्यांवर हा शब्द देवाज्ञेसारखा मानला जातो. वास्तविक फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. त्याच्या अलीकडे निदान चार पायऱ्या आहेत, आणि त्यांतील एक अशी आहे की तीत विंडोज नवी होते, परंतु आपले प्रोग्रॅम आणि कागदपत्रे जागच्या जागी राहतात. आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु कारागीर काय करीत आहे एवढे मालकास समजलेच पाहिजे, या भावनेने हा विषय आम्ही समजून घेतला आणि तो व्यापारी बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

बिघाड कोठे असतो?

संगणकास पेढीची उपमा दिली तर गोष्ट लवकर ध्यानात येते. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आपल्याकडे बहुधा विंडोज, ही पेढीचा मुनीम होय. हिशोबाचा प्रोग्रॅम, वजनकाट्याचा प्रोग्रॅम, मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम हे त्याच्या हाताखालचे गुमास्ते. आणि आपण केलेल्या नोंदी म्हणजे वह्या. मुनीम कोणत्या गुमास्त्यास कोठे बसवावयाचे, कोणती किल्ली कोणाकडे द्यावयाची, याची एक मोठी नोंदवही ठेवतो. तिला रजिस्ट्री म्हणतात.

मुनीम आजारी पडला म्हणजे सारी पेढी बिघडल्यासारखी दिसते; परंतु गुमास्ते धडधाकट असतात आणि वह्याही शाबूत असतात. विंडोजच्या स्वतःच्या हजारो फाईलींपैकी काही अचानक वीज गेल्याने, अर्धवट राहिलेल्या अपडेटने किंवा डिस्कच्या दोषाने खराब होतात, एवढाच पुष्कळ वेळा खरा बिघाड असतो. आपल्याकडे दर उन्हाळ्यात पावसापूर्वी कौले परतण्याची चाल होती. छप्पर गळते म्हणून कोणी घर पाडीत नसे. फुटकी कौले काढून तेथे नवी बसवीत, आणि खाली माणसे नांदत असत. विंडोजची दुरुस्ती ही तशीच कौले परतणे होय.

फॉरमॅटने नक्की काय जाते?

पुष्कळांची समजूत अशी की वह्यांची प्रत काढून ठेवली म्हणजे फॉरमॅट करण्यास हरकत नाही. ही समजूत अर्धीच खरी आहे. प्रत ठेवल्याने नोंदी वाचतात. प्रोग्रॅम वाचत नाहीत. प्रोग्रॅमचे सारे घर, म्हणजे त्याचे फोल्डर, पेन ड्राईव्हवर उचलून नेले आणि नव्या विंडोजमध्ये ठेवले, तरी तो बहुधा चालत नाही. कारण त्याची नोंद जुन्या मुनिमाच्या नोंदवहीत होती आणि ती नोंदवही पुसली गेली. प्रोग्रॅम पुन्हा मुळापासूनच बसवावा लागतो.

येथेच खरी अडचण उभी राहते. हिशोबाच्या प्रोग्रॅमचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. तो पुन्हा जागा करावयाचा तर ज्या ई-मेलवर तो घेतला त्याचा परवलीचा शब्द लागतो, आणि तो बहुधा सोडून गेलेल्या कारकुनाच्या डोक्यात असतो. वजनकाट्याचा प्रोग्रॅम ज्याने बसविला त्याने धंदा बंद केलेला असतो आणि चकती हरवलेली असते. मराठी जुन्या टंकांत लिहिलेली पत्रे ते टंक नसल्यामुळे वाचता येत नाहीत. डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्रॅम, छापयंत्राचा चालक, बिलाचा ठरविलेला नमुना, हे सारे एकेक करून जमवावे लागते. शिवाय टॅली ईआरपी ९ सारख्या प्रोग्रॅमांत नोंदींची पेटी प्रोग्रॅमच्याच घरात ठेवण्याची रीत होती. 'माय डॉक्युमेंट्स'ची प्रत घेतली म्हणजे सारे आले असे समजणाऱ्याची वहीच मागे राहून जाते.

आमच्या बाजारातील एका पेढीवर मार्च महिन्याच्या अखेरीस असेच घडले. यंत्र मंद झाले म्हणून एका सायंकाळी फॉरमॅट झाला. वह्या वाचल्या, परंतु वजनकाट्याचा प्रोग्रॅम परत बसेना. पुढे तीन आठवडे हमाल आणि तोलार यांनी वजने हाताने लिहिली, आणि रात्री घरची सून ती संगणकात भरीत बसली. मूळ दोष, मागाहून कळले तो, एका अर्धवट अपडेटचा होता. दोन तासांच्या दुरुस्तीने जे भागले असते त्यास तीन आठवडे आणि एका घराची झोप खर्ची पडली.

प्रथम प्रत, मग निदान

कोणतीही दुरुस्ती आरंभण्यापूर्वी नोंदींची प्रत घेतलीच पाहिजे. दुरुस्ती सुरक्षित आहे हे खरे. परंतु वीज केव्हा जाईल हे कोणी सांगावे? कायद्याचेही हेच सांगणे आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यान्वये हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि संगणकातील हिशोबांची प्रत ठेवावी असे नियमांतही सांगितले आहे. प्रत दोन ठिकाणी असावी. एक पेढीवर आणि एक घरी. हिशोबाच्या प्रोग्रॅममधूनच 'बॅकअप' घ्यावा, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या खात्याची बाकी ताडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न तोललेले पोते होय.

त्यानंतर दोष यंत्राचा की विंडोजचा हे ठरवावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाईली उघडताना वारंवार अडत असतील, किंवा यंत्र तापून आपोआप बंद पडत असेल, तर दोष लोखंडाचा आहे. अशा डिस्कवर विंडोजची दुरुस्ती करू नये. कारण तीत कित्येक जीबी मजकूर नव्याने लिहिला जातो, आणि मरणोन्मुख डिस्क त्या श्रमाने प्राण सोडते. आधी नोंदी बाहेर काढाव्यात, मग डिस्क बदलावी. तसेच फाईलींची नावे बदलून खंडणीची मागणी पडद्यावर आली असेल तर तो विषाणूचा घाला आहे. यंत्र ताबडतोब इंटरनेटपासून तोडावे आणि जाणत्यास बोलवावे. त्या प्रसंगी हा लेख उपयोगाचा नाही.

लहान उपाय

अपडेट झाल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर तो अपडेट काढून टाकावा, किंवा 'सिस्टिम रिस्टोअर' चालू ठेवलेले असल्यास यंत्र पूर्वीच्या तारखेच्या स्थितीस न्यावे. याने आपली कागदपत्रे जात नाहीत. मात्र त्या तारखेनंतर बसविलेले प्रोग्रॅम जातात, हे ध्यानात असावे.

याने न भागल्यास विंडोजच्या पोटात तपासणीची दोन साधने आहेत. 'कमांड प्रॉम्प्ट' हे प्रशासकाच्या अधिकाराने उघडून तेथे रोमन लिपीत आज्ञा लिहावयाच्या असतात. पहिली आज्ञा डी-आय-एस-एम ही. तीपुढे मोकळी जागा सोडून तिरपी रेघ व ऑनलाईन, पुन्हा मोकळी जागा, तिरपी रेघ व क्लीनअप-इमेज, पुन्हा मोकळी जागा, तिरपी रेघ व रिस्टोअरहेल्थ. ती संपल्यावर दुसरी आज्ञा एस-एफ-सी. मोकळी जागा, तिरपी रेघ व स्कॅननाऊ.

हा क्रम का? विंडोज आपल्या फाईलींचे चांगले नमुने एका कोठारात ठेवते. एस-एफ-सी प्रत्येक फाईल त्या कोठारातील वानगीशी ताडून पाहते आणि जी जुळत नाही ती बदलते. परंतु वानगीच सडकी निघाली तर माल कशाशी ताडावयाचा? म्हणून डी-आय-एस-एम आधी इंटरनेटवरून चांगला मजकूर आणून कोठार दुरुस्त करते, आणि मग एस-एफ-सी आपले काम करते. या दोहोंत कोणताही प्रोग्रॅम किंवा नोंद यांस धक्का लागत नाही. पुष्कळ दुखणी येथेच बरी होतात.

मुख्य उपाय : जागच्या जागी पुनःस्थापना

लहान उपाय फोल गेल्यावर ज्या रीतीसाठी हा लेख, ती रीत येते. तीत विंडोज चालू असतानाच तिच्यावर तीच विंडोज पुन्हा बसविली जाते. जुन्या फाईली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या घडीत बाजूस ठेवल्या जातात, नव्या फाईली येतात, आणि जुन्या नोंदवहीतील गुमास्त्यांच्या नोंदी नव्या नोंदवहीत उतरविल्या जातात. मुनीम बरा होऊन येतो, आणि आल्याबरोबर प्रत्येक गुमास्त्यास नावाने ओळखतो.

विंडोज ११ असेल, आणि ती २२एच२ किंवा त्यापुढील आवृत्तीची असून २०२४ च्या फेब्रुवारीपुढील अपडेट घेतलेली असेल, तर काम फार सोपे आहे. सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात रिकव्हरी येथे गेले असता 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट' अशी ओळ दिसते. तिच्यासमोरील 'री-इन्स्टॉल नाऊ' ही कळ दाबावी. यंत्र स्वतःच मजकूर उतरवून घेते व प्रोग्रॅम, कागदपत्रे आणि मांडणी राखून दुरुस्ती करते.

ती सोय नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ठिकाणाहून विंडोजची आयएसओ फाईल उतरवून घ्यावी. ती सुमारे ५ ते ७ जीबीची असते. तीवर दोनदा टिचकी मारली की ती एखाद्या चकतीसारखी उघडते, आणि तीतील 'सेटअप' चालविले की काम सुरू होते. तत्पूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. फाईलीतील आवृत्ती यंत्रातील आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी असावी. जुनी चालत नाही.

२. भाषा तीच असावी. इंग्रजीच्याही दोन जाती आहेत, अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय. त्यांची गल्लत झाली की प्रोग्रॅम राखण्याची वाट बंद होते. 'होम', 'होम सिंगल लँग्वेज' आणि 'प्रो' यांतील भेदही पाहावा.

३. मुख्य डिस्कवर निदान २० जीबी जागा मोकळी असावी. ३० असल्यास उत्तम.

४. बाहेरचा विषाणुरोधक प्रोग्रॅम तात्पुरता काढावा. छापयंत्र, वजनकाटा, टोकन आदी बाहेरची साधने सोडवून ठेवावीत.

५. डिस्कला 'बिटलॉकर'चे कुलूप असल्यास ते तात्पुरते स्थगित करावे, आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी. अनेक नव्या यंत्रांत हे कुलूप मालकास न कळत लागलेले असते.

६. यूपीएसची बॅटरी चांगली असावी. मांडीवरचा संगणक असल्यास तो विजेस जोडलेला असावा.

सेटअप चालू असता अखेरीस 'रेडी टू इन्स्टॉल' असा पडदा येतो. सर्व लेखातील कळीची जागा ही होय. तेथे 'कीप पर्सनल फाईल्स अँड ॲप्स' ही ओळ बरोबरच्या खुणेसह दिसली पाहिजे. ती दिसली तर पुढे जावे. 'पर्सनल फाईल्स' एवढेच दिसले, किंवा ती ओळ फिकट होऊन निवडता येत नसली, तर तेथेच थांबावे आणि रद्द करावे. वरील अटींपैकी एखादी पुरी झालेली नाही असा त्याचा अर्थ. तोवर काहीही बिघडलेले नसते.

यानंतर एक ते दोन तास लागतात. यंत्र मधूनमधून स्वतःच बंद होऊन सुरू होते. त्या वेळी घाई करून वीज तोडू नये. संपल्यावर प्रत्येक प्रोग्रॅम उघडून पाहावा, एक बिल छापावे, एक पोते तोलून पाहावे, टोकन जोडून सही उमटते की नाही हे तपासावे, आणि मग नवे अपडेट घ्यावेत. काही बिनसलेच तर १० दिवसांच्या आत 'गो बॅक' म्हणून पूर्वस्थितीस जाता येते. म्हणून तोपर्यंत 'विंडोज डॉट ओल्ड' पुसू नये. काही लहान मांडणी मूळ पदास जाते आणि 'रिस्टोअर'चे जुने टप्पे पुसले जातात; तेवढे सोसावे.

एका फसव्या नावापासून मात्र जपावे. 'रिसेट धिस पीसी' म्हणून दुसरी सोय आहे, आणि तीत 'कीप माय फाईल्स' असे गोड शब्द आहेत. ते शब्द खरे आहेत, परंतु पुरे नाहीत; फाईली राहतात, बाहेरून बसविलेले प्रोग्रॅम जातात, आणि त्यांच्या नावांची यादी तेवढी पडद्यावर ठेवली जाते. वजनकाटा यादीने चालत नाही.

यंत्र सुरूच होत नसेल तर

विंडोज एक्सपीच्या काळी, म्हणजे २००१ पासून पुढील काही वर्षे, चकती घालून यंत्र सुरू करता येई आणि तेथूनच दुरुस्ती निवडता येई. व्हिस्टापासून ती रीत राहिली नाही. आता पेन ड्राईव्हवरून यंत्र सुरू केले तर विंडोज कोरीच बसते. प्रोग्रॅम राखून दुरुस्ती करावयाची तर आधी आतील विंडोज कशीबशी का होईना, नेहमीच्या रीतीने चालू झाली पाहिजे. 'सेफ मोड'मध्येही ती होत नाही.

म्हणून अशा वेळी पहिले ध्येय एकच : यंत्र एकदा उभे करणे. दोनतीन वेळा सुरू होताना अडखळले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथे 'स्टार्टअप रिपेअर', शेवटचा अपडेट काढणे, 'सिस्टिम रिस्टोअर' आणि 'सेफ मोड' हे मार्ग क्रमाने चोखाळावेत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातील सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्याची पाळी आली. एवढ्या हाहाकाराचा उपाय काय होता? यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू करावयाचे, ती एक सदोष फाईल पुसावयाची, आणि पुन्हा सुरू करावयाचे. पडदा भयंकर दिसला म्हणून रोग मोठाच असतो असे नाही, हा धडा त्यातून घ्यावा.

एवढे करूनही यंत्र उठले नाही, तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडावी, नोंदी उतरवून घ्याव्यात, आणि मगच कोरी विंडोज बसवावी. फॉरमॅटची योग्य जागा ही.

दोन शब्द धर्माचे

दुरुस्ती ज्या फाईलीने करावयाची ती चोख असली पाहिजे. बाजारात शंभर-दोनशे रुपयांत 'क्रॅक' केलेली विंडोज घालून देणारे आहेत. तीत विष असण्याची भीती आहेच. परंतु आपणांस दुसरेही एक कारण आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापाच्या जोडीनेच चोरून आणलेली वस्तू घेणे हाही अतिचार गणला आहे. जो व्यापारी मापात गुंजभर खोट ठेवीत नाही, त्याने आपली वही चोरीच्या पाटावर मांडू नये. ज्या यंत्रावर विंडोजचा खरा परवाना आहे, त्यास या दुरुस्तीत नवी किल्ली लागत नाही आणि नवा पैसाही लागत नाही.

विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हेही येथे नमूद करणे उचित होईल. ज्यांचे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसते, त्यांनी याच रीतीने, प्रोग्रॅम राखून, पुढील आवृत्तीवर जावे. ते काम मार्चअखेरीस किंवा विवरणपत्राच्या ११ आणि २० तारखांच्या तोंडावर काढू नये. महिन्याअखेरीचा एखादा शांत रविवार त्यास बरा.

प्रत्येक पेढीने या दिवाळीस वहीपूजनाच्या दिवशी एक कागद तयार करावा असे आम्ही सुचवितो. त्यावर बसविलेल्या प्रोग्रॅमांची नावे, त्यांचे परवाना क्रमांक, ते ज्या ई-मेलवर घेतले तो, नोंदींची पेटी कोणत्या डिस्कवर आहे ते, आणि बिटलॉकरची किल्ली, एवढे लिहून तो कागद तिजोरीत ठेवावा. पुढील वेळी कारागीर येऊन "फॉरमॅट" हा शब्द उच्चारील, तेव्हा मालकाने शांतपणे विचारावे, "जागच्या जागी दुरुस्ती करून पाहिलीत काय?" मंदिराचा जीर्णोद्धार करणारा आधी मूर्ती जपतो आणि मग भिंतीस हात लावतो, वहीच्या बाबतीतही तोच विवेक आपण ठेवू या.

जय जिनेंद्र.